तळं गोठलंय, पण चालायचं का?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठली की लोक त्यांवर फिरायला, बर्फाला भोक पाडून मासे धरायला निघतात. नव्याने तिथे राहायला गेलेला माणूस विचारतो, "बर्फ किती जाड आहे?" त्यापुढे आणखी दोन प्रश्न हवेत: कसला आहे, आणि नेमका कुठे?

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं, म्हणून तळं वरून गोठतं आणि थर खालच्या अंगाने वाढत जातो. झालेला थरच खालच्या पाण्याची ऊब सहज बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे पहिला इंच भराभर धरतो, चौथा रेंगाळतो. वर हिम साचलं तर आणखीच रेंगाळतो. हिम म्हणजे बर्फावर घातलेली गोधडीच. मऊ पांढरी जागा पाहून भुलू नये ते एवढ्यासाठी.

काळसर, आरपार दिसणारा नवा बर्फ सगळ्यांत पक्का. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं चालण्यासाठी असा किमान ४ इंच बर्फ हवा असं सांगतं. भिजलेलं हिम गोठून झालेल्या दुधी बर्फात हवेचे बुडबुडे असतात. तो असेल तर जाडी दुप्पट हवी. करड्या, पाणी मुरलेल्या बर्फावर पायच ठेवू नये. हिवाळा सरतानाचा बर्फ तर जाड असूनही उभ्या कांड्यांत सुटा होतो. तेव्हा इंच मोजून उपयोग नाही.

काठापासूनच पहार हातात हवी. पाऊल टाकण्याआधी पुढे जोराने हाणायची. आरपार गेली तर आल्या पावली मागे. टिकली, तर गिरमिटाने भोक पाडायचं, टेपचं वाकडं टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायचं आणि जाडी वाचायची. दर दीडशे फुटांवर पुन्हा तेच. कंटाळवाणं आहे, पण ओढा मिळतो तिथे, झऱ्यावर, लव्हाळ्यापाशी त्याच तळ्याचा बर्फ निम्माही नसू शकतो. कडकड आवाजावर मात्र निकाल देऊ नका. भक्कम बर्फही थंडीने आकसताना तडकतो.

अंगात लाइफ जॅकेट आणि गळ्यात टोकदार खिळ्यांच्या दोन मुठी हव्यात. बुडालात तर आलात त्याच बाजूला वळा, मुठी बर्फात रोवा, पाय झाडत पोटावर वर या आणि उभे न राहता लोळत काठाकडे सरका. आणि एकटे कधीच जाऊ नका.