क्षयाचा रोगी घरांत ठेवावा काय?

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक प्रसंग उद्भवला. माझ्या थोरल्या बंधूंची सून तीन आठवडे खोकत होती. सायंकाळीं अंगांत कसर येई, अन्नावरची वासना उडाली होती. पावसाळी हवा, असें म्हणून आम्हीं काढे दिले आणि दिवस ढकलले. अखेर रुग्णालयांत तिची थुंकी तपासली, छातीचें चित्र घेतलें, आणि फुफ्फुसाचा क्षय असल्याचें निश्चित झालें.

त्या रात्रीं माजघरांत दिवा उशिरापर्यंत जळत होता. थोरल्या वहिनी मजजवळ येऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही घरांतले शिकलेले. सूनबाईला सहा महिने माहेरीं धाडावी असें मला वाटतें. घरांत चार वर्षांचें पोर आहे. तुम्ही सांगितलेंत तर सगळे ऐकतील." वहिनींच्या बोलण्यांत दुष्टावा नव्हता, भय होतें. तें मलाहि होतें. कारण त्याच संध्याकाळीं सूनबाईचें पाणी पिण्याचें भांडें उचलून निराळ्या फळीवर ठेवणारा मीच होतों.

या प्रश्नाचें उत्तर मीं स्वतःच्या मतीनें न देतां, तो कोणी पूर्वीं नीट पारखून पाहिला आहे काय, याचा शोध घेण्याचें ठरविलें. त्या शोधांत जें हातीं लागलें, तें आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांच्या उपयोगीं पडेल, या हेतूनें येथें सादर करीत आहें.

हा रोग आपल्याकडे फार पुरातन. रोहिणीवरच अनुरक्त राहिलेल्या चंद्रास दक्षाचा शाप होऊन तो क्षीण होऊं लागला, या कथेशीं 'राजयक्ष्मा' हें नांव जोडलेलें आहे. चरकसंहितेंत या व्याधीचीं चार कारणें सांगितलीं आहेत : शक्तीबाहेरचें साहस, वेगांचा अवरोध, धातुक्षय आणि विषमाशन. पुढें २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यानें या रोगाचा जंतु शोधून काढल्याचें जाहीर केलें. परंतु शत्रु कोण हें कळलें म्हणजे तो जिंकला असें होत नाहीं. त्यानंतर पांचच वर्षांनीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, आनंदीबाई जोशी पुण्यास क्षयानेंच निवर्तल्या. अमेरिकेहून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या त्या विदुषीस वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं करतां आलीं नाहींत. त्या काळीं जगांत कोणाजवळच या रोगावर खरें औषध नव्हतें. मोकळी हवा, विश्रांति आणि पौष्टिक आहार एवढाच उपचार, आणि त्यासाठीं डोंगरावर किंवा गांवाबाहेर बांधलेलीं आरोग्यधामें.

१९४३ सालीं अमेरिकेंत मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून स्ट्रेप्टोमायसीन हें औषध निघालें. आतां खरा प्रश्न येथेंच उत्पन्न होतो. औषध दिलें आणि रोगी बरा झाला, म्हणजे तो औषधानेंच बरा झाला काय? कावळा बसण्यास आणि ताडाचें फळ पडण्यास एक गांठ पडावी, तसा हा काकतालीय न्याय नव्हे कशावरून? आमच्या तर्कशास्त्रांत याची परीक्षा सांगितली आहे. जेथें धूम तेथें अग्नि, हा अन्वय. जेथें अग्नि नाहीं तेथें धूमहि नाहीं, हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्याविना कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. रुग्णालयांतील संशोधन म्हणजे हाच अन्वय-व्यतिरेक खाटेवरील रोग्याच्या बाबतींत लावून पाहणें होय.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें १९४७ सालीं तो लावून पाहिला. दोन्ही फुफ्फुसें बाधलेले १०७ तरुण रोगी निवडले. औषध इतकें थोडें होतें कीं सर्वांस पुरणें शक्यच नव्हतें. तेव्हां तें कोणास द्यावें हें वशिल्यानें किंवा वैद्याच्या मर्जीनें न ठरवितां मोहोरबंद लिफाफ्यांतील चिठ्ठीनें ठरविलें. ही योजना ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाची. ते स्वतः तरुणपणीं क्षयांतून उठलेले होते. ५५ जणांस विश्रांतीसह औषध मिळालें, ५२ जणांस केवळ विश्रांति. छातीचीं चित्रें पारखणाऱ्यांस कोणतें चित्र कोणत्या गटांतलें हें ठाऊक नसे. सहा महिन्यांनीं पाहतां औषध घेणाऱ्यांपैकीं ४ दगावले होते. न घेणाऱ्यांपैकीं १४.

येथेंच जयघोष करून ते थांबले असते तर मोठी फसगत झाली असती. त्यांनीं त्याच रोग्यांकडे पुढें पांच वर्षें लक्ष ठेवलें, तेव्हां दोन्ही गटांतील मृत्यूंची संख्या पुष्कळ जवळ आलेली दिसली. कारण, एकट्या औषधास जंतु निर्ढावतात. मग स्ट्रेप्टोमायसीनच्या जोडीस पास नांवाचें दुसरें औषध देऊन पुन्हां परीक्षा झाली, आणि दोन औषधें एकत्र असतां जंतु सहसा निर्ढावत नाहींत, हें १९५० सालीं सिद्ध झालें. आज क्षयाच्या रोग्यास एकदम तीन-चार औषधें कां देतात आणि तीं मध्येंच सोडूं नका असें कां बजावतात, याचें मूळ येथें आहे.

आतां वहिनींच्या प्रश्नाकडे वळूं. त्याचें उत्तर मला विलायतेंत नव्हे, मद्रासेंत सांपडलें. १९५६ सालीं त्या शहरांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनचें संशोधन मंडळ यांनीं मिळून क्षयाच्या उपचारांचें एक केंद्र काढलें. देशांत क्षयरोगी लक्षावधि आणि खाटा हजारांनीं मोजण्याजोग्या. मग घरीं ठेवून औषध दिल्यास चालेल काय, हा त्यांचा प्रश्न होता. शहरांतील गरीब वस्त्यांतले १९३ रोगी घेऊन, पुन्हां केवळ यदृच्छेनें, त्यांचे दोन भाग केले. एक भाग आरोग्यधामांत गेला. तेथें स्वच्छ खाट, सकस आहार, शुश्रूषा आणि पूर्ण विश्रांति. दुसरा भाग आपापल्या घरींच राहिला. तेथें एका खोलींत सारें कुटुंब, अन्न निकृष्ट, आणि कित्येकांस कामाची यातायातहि चुकली नाहीं. औषध मात्र दोघांस एकच, वर्षभर. घरचा रोगी तें खरोखर घेतो कीं नाहीं, हें लघवी तपासून पाहिलें जाई.

वर्षाअखेर आरोग्यधामांतील शंभरांपैकीं ९२ जणांचा रोग शमलेला आढळला, आणि घरच्या शंभरांपैकीं ८६ जणांचा. पांच वर्षांनंतर पाहतां दोन गटांत म्हणण्याजोगा भेद उरला नव्हता. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. रोग्यांच्या घरांतील माणसांचीहि पांच वर्षें तपासणी चालू होती. रोगी घरीं राहिला म्हणून घरच्यांस अधिक बाधा झाली, असें दिसलें नाहीं. घरांत जी बाधा पसरायची, ती बहुतेक रोग ओळखला जाण्यापूर्वींच पसरलेली असते. योग्य औषध नियमित सुरू झालें म्हणजे कांहीं आठवड्यांतच रोग्यापासूनचें भय पुष्कळ ओसरतें. १९५९ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि जगभर आरोग्यधामांचा काळ संपत आला. रोग्याची ताटातूट टळली.

मग आमच्या वाडवडिलांची पौष्टिक आहाराची शिकवण फोल ठरली काय? तसेंहि नाहीं. मद्रासचेंच तें केंद्र आज राष्ट्रीय संशोधन संस्था झालें आहे. त्या संस्थेच्या सहभागानें झारखंडांत २०१९ ते २०२२ या काळांत दुसरी एक परीक्षा झाली. क्षयरोग्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसांपैकीं एका गटास दरमहा तांदूळ-डाळीचा शिधा दिला, दुसऱ्यास दिला नाहीं. शिधा मिळालेल्यांत नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण सुमारें ३९ टक्क्यांनीं कमी आढळलें. म्हणजे नुसत्या अन्नानें क्षय बरा होत नाहीं. परंतु अन्नाच्या बळावर तो पुष्कळांच्या वाट्यास येतच नाहीं. जुन्या वचनांतलें कोणतें टिकाऊ आणि कोणतें नव्हे, हेंहि परीक्षेनेंच कळतें.

पुष्कळ घरांत 'इस्पितळांत आपल्यावर प्रयोग करतात' अशी धास्ती असते. ती सर्वस्वीं निराधार नाहीं. १९४७ च्या त्या परीक्षेंत औषध न मिळालेल्यांस आपण परीक्षेंत आहोंत हें सांगितलेंहि नव्हतें. आज तसें चालत नाहीं. नीतिसमितीची मान्यता, रोग्यास समजेल अशा भाषेंत माहिती, त्याची लेखी संमति, आणि केव्हांहि नाहीं म्हणण्याची मोकळीक, हे नियम झाले आहेत. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, न पारखलेलें औषध देणें हाहि एक प्रयोगच. फक्त त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

असो. हें सर्व मीं वहिनींस दोन दुपारीं बसून सांगितलें. त्यांनीं एकच विचारलें, "आणि पोराचें काय?" डॉक्टरांनीं घरांतील सर्वांस तपासलें आणि नातवास प्रतिबंधक औषध सुरू केलें. सूनबाईची खोली माडीवरची, दोन्हीकडून वारा खेळणारी ठरली. पहिले कांहीं आठवडे तिनें तोंडावर पदर किंवा कापड धरावें, खिडक्या उघड्या असाव्यात, एवढेंच पथ्य. हा रोग हवेंतून पसरतो, ताटवाटींतून नव्हे, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितल्यावर तें भांडें मीं फळीवरून काढलें आणि इतर भांड्यांत मिसळून टाकलें. तेव्हां सूनबाई दाराशीं उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. मलाहि तिच्याकडे पाहवलें नाहीं.

पौषांत तिचे सहा महिने पुरे झाले. थुंकींत जंतु उरले नाहींत, वजन वाढलें, आणि नातू ठणठणीत आहे. त्या सहा महिन्यांत सकाळच्या गोळ्या तिच्या हातावर ठेवण्याचा नेम वहिनींनीं एक दिवसहि चुकविला नाहीं. शेवटच्या भेटींत रुग्णालयांतील डॉक्टरांनीं विचारलें कीं, बरे झालेल्यांची दोन वर्षें तपासणी करण्याचें एक काम चाललें आहे, त्यांत नांव घालूं काय? घरच्यांनीं माझ्याकडे पाहिलें. सूनबाईनें मात्र कागद सावकाश शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "काका, मद्रासच्या त्या लोकांनीं नाहीं म्हटलें असतें, तर मी आज माहेरीं असतें." आणि तिनें सही केली.