अंधारांत दिसणें आणि ओळखणें



गेल्या वर्षीं मीं तीन महिने अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत मुलीकडे काढले. जांवईबापूंच्या ओळखीचा एक शेतकरी तेथें समुद्राकडच्या सखल मुलखांत मेंढ्या पाळतो. त्याच्या कळपावर रात्रीं कोयोटी येत. कोयोटी हें श्वानकुळांतील जनावर आपल्या कोल्ह्याहून मोठें आणि लांडग्याहून लहान असतें, आणि कोंकरूं दिसलें कीं तें सोडीत नाहीं. म्हणून त्या गृहस्थानें अंधारांत पाहण्याची एक दुर्बीण विकत घेऊन बंदुकीवर बसविली. पहिल्याच रात्रीं शेताच्या कडेला चार पायांची एक पांढरी आकृति दिसली. त्यानें नेम धरला, बोट चापावर गेलें, इतक्यांत ती आकृति शेपूट हालवीत सरळ त्याच्याकडे चालत आली. तो त्याच्याच कळपाचा राखणा कुत्रा होता! "दोन हजार डॉलर मोजले, आणि मला दिसलें तें काय?" असें तो आम्हांस विचारीत होता. त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें हातीं लागलें, तें आज आपणांस सांगणार आहें.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. आपल्या देशांत वन्य प्राण्यांच्या शिकारीस १९७२ च्या कायद्यानें बंदी आहे. तेव्हां हें भाषण येथें कोणाच्या हातीं बंदूक देण्यासाठीं नाहीं. परंतु जेथें ती परवानगी आहे, तेथें यंत्र निवडतांना झालेली चूक जिवावर बेततें, आणि तो जीव बहुधा निरपराध असतो.

प्रकाशाच्या सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरीच आपल्या डोळ्यास दिसतात. इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्याला कांहींच दिसत नव्हतें तेथें, उष्णतामापक ठेवला. उष्णता वाढलेली आढळली! त्या अदृश्य किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतों. रात्रींच्या बहुतेक दुर्बिणी ह्या किरणांचाच कोणता ना कोणता भाग टिपतात.

बाजारांत अशा दुर्बिणींच्या तीन जाती आहेत. पहिली प्रकाश वाढविणाऱ्या नळीची. चांदण्याचा अल्प प्रकाश भिंगांतून आंत येऊन एका पातळ थरावर पडतो व तेथून इलेक्ट्रॉन सुटतात. विजेच्या दाबानें त्यांचें बळ आणि संख्या वाढवून ते पडद्यावर आदळविले, कीं हिरवट चित्र उमटतें. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकी सैनिकांनीं अशा दुर्बिणी बंदुकांवर वापरल्या. उत्तम नळीची किंमत आजही सामान्यतः तीन हजार डॉलरांच्या पुढें जाते. स्वस्त, जुन्या पिढीची नळी काळोख्या रात्रीं फारसें दाखवीत नाहीं. बेताच्या मिळकतीच्या माणसानें ही जात सोडून द्यावी.

दुसरी जात डिजिटल. हिच्यांत मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखाच सिलिकॉनचा सेन्सर असतो. सिलिकॉनला तांबड्याच्या पलीकडचें सुमारें १००० नॅनोमीटरपर्यंत दिसतें. म्हणून दुर्बिणीबरोबर अवरक्त किरणांची एक बत्ती जोडतात. ८५० नॅनोमीटरची बत्ती लांब पोंचते, पण तिचें तोंड मंद तांबडें दिसतें. ९४० ची बत्ती दिसत नाहीं, पण तितकी लांब पोंचत नाहीं. धुकें असेल तर हा प्रकाश उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. मात्र चित्र स्वच्छ असतें, कारण चांगल्या सेन्सरवर वीस लाख बिंदु असतात. कान, तोंड, शेपूट निरनिराळीं दिसतात. किंमत बहुधा कांहींशें डॉलर.

तिसरी जात थर्मल, म्हणजे उष्णता पाहणारी. हिला प्रकाश मुळींच लागत नाहीं. प्रत्येक ऊबदार वस्तु ८ ते १४ मायक्रोमीटरच्या लांब लहरी फेंकीत असते, त्याच ही टिपते. साधी कांच ह्या लहरी अडविते, म्हणून हिचें भिंग बहुधा जर्मेनियमचें करावें लागतें, आणि तें महाग पडतें. मोटारीच्या कांचेआडून हिच्यांतून पाहूं गेल्यास बाहेरचें कांहींच दिसत नाहीं. गवताच्या काळसर पार्श्वभूमीवर जनावर पांढरें, दिव्यासारखें उठून दिसतें. अशी दुर्बीण डोळ्याला लावतांच माणूस मोहून जातो. आमचा शेतकरीही असाच मोहून गेला होता.

जाहिरातींत लिहिलेलें असतें कीं, ही दुर्बीण ८५० मीटरवर जनावर दाखविते. तें खोटें नसतें. पण "दाखविते" ह्या शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. जॉन जॉन्सन नांवाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानें १९५८ मध्यें सैन्यासाठीं ह्या विषयाचें गणित मांडलें. त्याच्या नियमानुसार, वस्तूच्या उंचीवर चित्राचे दोन बिंदु पडले, तर कांहींतरी आहे एवढें कळतें. आठ पडले, तर तें चतुष्पाद आहे कीं मनुष्य, हें कळतें. तेरा पडले, तर तें कोणतें चतुष्पाद, हें कळतें. हा हिशेबसुद्धां शंभरांत पन्नास वेळां बरोबर येण्याचा! गोळी झाडावयास अर्धी खात्री पुरत नाहीं.

आतां पाटी घ्या. आजच्या पुष्कळ थर्मल सेन्सरांचा एक बिंदु १२ मायक्रोमीटर रुंद असतो. भिंगाचें नाभ्यंतर ३५ मिलिमीटर धरलें, तर १०० मीटरवर एका बिंदूंत ३.४ सेंटिमीटर मावतात. कोयोटीची खांद्याशीं उंची अदमासें ६० सेंटिमीटर. म्हणजे १०० मीटरवर त्याच्या उंचीवर सतरा बिंदु पडतात, २०० वर आठनऊ, ४०० वर चार, आणि ८५० वर अवघे दोन. जाहिरातींतले ८५० मीटर ते हेच. ओळख पटण्याचें अंतर त्याच्या सातव्या हिश्शाइतकें.

ह्याच गणितांतून काटकसरीची एक युक्ति निघते. दुकानदार २५६ बिंदूंच्या सेन्सरापेक्षां ६४० चा सेन्सर घ्या म्हणून आग्रह धरतो. पण बिंदूची रुंदी आणि भिंग तेंच असेल, तर दोहोंतही जनावरावर सारखेच बिंदु पडतात. ६४० मध्यें केवळ आजूबाजूचें शेत अधिक दिसतें. म्हणून दुकानांत आधीं बिंदूची रुंदी आणि भिंगाचें नाभ्यंतर विचारावें, सेन्सरांतील बिंदूंची संख्या मागाहून.

ओळख न पटण्याची किंमत काय असते, ह्याचा दाखला त्याच राज्यांत आहे. तांबडा लांडगा हा प्राणी १९८० मध्यें रानांतून नामशेष झाल्याचें जाहीर झालें. बंदिवासांत वाढविलेले कांहीं लांडगे १९८७ पासून तेथील ॲलिगेटर रिव्हर अभयारण्यांत पुन्हां सोडण्यांत आले. हा लांडगा कोयोटीहून मोठा. पण वर्षाच्या आंतलें पोर कोयोटीसारखेंच दिसतें, आणि अंतर ठाऊक नसेल तर अंधारांत लहानमोठें कळत नाहीं. त्याचा तांबूस रंग तर ना थर्मलमध्यें दिसतो, ना डिजिटलमध्यें. राज्यानें २०१२ मध्यें कोयोटीच्या रात्रींच्या शिकारीस मोकळीक दिली. लांडगे गोळीस बळी पडूं लागले, तेव्हां प्राणिरक्षक संस्था न्यायालयांत गेल्या. मे २०१४ मध्यें संघ न्यायालयानें डेअर, हाइड, टिरेल, वॉशिंग्टन व बोफर्ट ह्या पांच जिल्ह्यांत कोयोटीची शिकार थांबविली. त्याच वर्षींच्या तडजोडीनें तेथें दिवसाची शिकार परवान्यानें चालावी आणि रात्रींची बंद राहावी असें ठरलें. पुढें लांडग्यांच्या गळ्यांत नारिंगी, चकाकणारे पट्टे घालण्यांत आले. आमचा शेतकरी त्या जिल्ह्यांच्या बाहेर राहतो खरा. पण लांडग्याला जिल्ह्याची हद्द वाचतां येत नाहीं. आणि तो चकाकणारा पट्टा बत्तीचा प्रकाश पडल्यावर चमकतो. जी थर्मल दुर्बीण केवळ ऊब पाहते, तिला त्याची चमक मुळींच कळत नाहीं!

मग बेताच्या पैशांत काय घ्यावें? माझें मत असें. प्रथम त्या जागेचा कायदा विचारावा. नंतर एक लहान थर्मल दुर्बीण घ्यावी, पण ती हातांत धरावयाची. शोध घेण्यासाठीं बंदुकीवरची दुर्बीण फिरविणें म्हणजे जें जें दिसेल त्यावर, मग तें शेजाऱ्याचें पोर कां असेना, नळी रोखणें होय. बंदुकीवर डिजिटल दुर्बीण व बत्ती ठेवावी. थर्मलनें शोधावें, डिजिटलनें ओळखावें. साध्या बनावटीच्या ह्या दोन वस्तु मिळून त्या शेतकऱ्याच्या पहिल्या दुर्बिणीहून कमी किंमतींत येतात.

दुर्बीण परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं तिची परीक्षा आपल्याच शेतांत घ्यावी. दिवसां शंभर व दोनशें मीटरवर खुंट्या ठोकाव्या. रात्रीं घरच्या माणसानें कुत्रा दोरीस धरून खुंट्यांपाशीं उभें राहावें. बंदूक घरांत ठेवावी, आणि दुर्बीण नुसती हातांत धरून पाहावें. ज्या खुंटीपाशीं आपला कुत्रा आपणांस निःसंशय ओळखतां येईल, ती आपली मर्यादा. तिच्या पलीकडे कितीही तेजस्वी आकृति दिसो, बोट चापावर जातां कामा नये.

परवां जांवईबापूंचें पत्र आलें. त्या शेतकऱ्यानें जुनी दुर्बीण विकून वरीलप्रमाणें दोन घेतल्या आणि कुत्र्याच्या गळ्यांत चकाकणारा पट्टा बांधला. रात्रीं मेंढ्या तो गोठ्यांत कोंडतो, त्यामुळें बंदूक फारशी काढावी लागत नाहीं. त्याच्या शेतांत शंभर मीटरवर ठोकलेली खुंटी मात्र अजून तशीच आहे. तिच्या पलीकडे तो नुसता पाहतो.