बॅटरी बदलण्याआधी : जुनी गाडी आणि अन्वय-व्यतिरेक

मंडळी, आपलं परळी थर्मलचं गाव. वीज तयार होणं वेगळं आणि घरात पोचणं वेगळं, हे इथं शाळकरी पोरालाही कळतं. जुन्या गाडीतही तेच. अल्टरनेटर वीज तयार करतो, वायरी आणि अर्थिंग ती पोचवतात, बॅटरी साठवते. तरी सकाळी सेल्फ लागला नाही की आपण आधी बॅटरीच बदलतो. मग महिन्यात नवीही बसते!

न्यायशास्त्रात कारण ठरवायच्या दोन कसोट्या आहेत. हे असलं की ते असतं, हा अन्वय. हे नसलं की ते नसतं, हा व्यतिरेक.

आता मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ वर जायला हवा. गेला नाही, तर सैल बेल्ट, टर्मिनलवरचा पांढरा थर, गंजलेलं अर्थिंग बघा. मग अल्टरनेटर.

चार्जिंग ठीक, तरी सकाळी बॅटरी उतरलेली? किल्ली काढा, मीटर अँपिअरवर ठेवून निगेटिव्हच्या वाटेत जोडा. तेव्हा सेल्फ मारू नका, मीटर जळेल. ५० मिलिअँपिअरहून जास्त करंट वाहत असेल तर एकेक फ्यूज काढा. जो काढल्यावर आकडा पडतो, चोर त्याच वाटेवर. हाच व्यतिरेक.

मात्र चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून पाहू नका. ती डायनामोच्या काळातली सवय; अल्टरनेटरचे डायोड त्यानं जळू शकतात.

बॅटरी बदलायची तर बदला, पण हे आकडे कागदावर लिहून मगच.