लांब गाडी देऊन आखूड गाडी घेताना

घरची वेगाची, बुटकी सेडान विकून छोटी गाडी घ्यायची आहे? आम्ही आधी लांबी बघायला सांगतो. ४ मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. आधी २८ होता. शेलारच्या गल्लीत वळवायलाही अशीच बरी. वाडा रस्त्याच्या खड्ड्यांत बुटक्या गाडीचं पोट घासतं, ते वेगळंच.

सीएनजी स्वस्त पडतो, पण बहुतेक गाड्यांत टाकी डिकी खाते. मग गटाचे पापडाचे डबे कुठे? शोरूममध्येच मागची सीट दुमडून डबा ठेवून बघा.

आणि चालवून बघा, नवऱ्याने नव्हे, तुम्ही! वळणावर स्विफ्टची मजा जास्त. पण साडी नेसून चढाउतरायला आम्हाला उंच वॅगनआरच सोयीची वाटते.