ताप उतरला, पण किडनीचं काय?

देवास-धारच्या मराठी घरांत लहान मूल लघवी करताना रडलं की आजी सांगून मोकळी होते, "उन्हाळी लागलीय, धण्याचं पाणी पाजा." माळव्यातल्या उन्हात ते खरंही असतं. पण मुलाला १०२ फॅरनहाइटच्या वर ताप असेल, सर्दी-खोकल्याचा मागमूस नसेल, तर धण्याच्या पाण्यावर दोन दिवस घालवू नयेत. दोन वर्षांखालच्या मुलात मूत्रमार्गाच्या संसर्गाचं ताप हे एकच लक्षण असू शकतं. जंतू मूत्राशयातून वर किडनीत चढले, तर सूज ओसरल्यावर तिथे व्रण राहू शकतो. हे दुखणं मुलींचंच, असंही नाही. पहिल्या काही महिन्यांत ते मुलग्यांत जास्त आढळतं.

"एकदा संसर्ग झाला की किडनी गेलीच" ही दुसऱ्या टोकाची भीती. पहिल्या संसर्गानंतर व्रण राहतो तो साधारण १५ टक्के मुलांत. एकाच किडनीवरचा छोटा व्रण बहुधा पुढे काही त्रास देत नाही. काळजी असते ती दोन्हीकडच्या मोठ्या व्रणांची.

मग व्रण कोणाला होईल हे आधी कळतं का? थोडंफार. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,२८० मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या: ताप ३९ सेल्सिअस किंवा जास्त, सोनोग्राफीत दोष आणि लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) ई. कोलायखेरीज दुसरा जंतू. यावरून जास्त धोक्याची ठरलेली मुलं पाचात एक होती; पण व्रण झालेल्यांपैकी निम्म्याहून कमीच त्यांत सापडली. म्हणून "धोका कमी" असं ऐकलं तरी मुलावरचं लक्ष काढू नये.

या तिन्हींतलं काहीच आईबापांच्या हातात नाही. वेळ मात्र आहे. ताप सुरू झाल्यापासून औषध मिळेपर्यंत दोन-तीन दिवस गेले की व्रणाची शक्यता वाढते. तरीही अँटिबायोटिकचा पहिला डोस लघवीचा नमुना घेतल्यावरच द्यावा, नाहीतर कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि जंतू कोणता हे कळतच नाही. चिकटवलेल्या पिशवीतल्या लघवीवर माझा भरवसा नाही, तिच्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात. जागा धुऊन, मधल्या धारेची लघवी थेट निर्जंतुक बाटलीत धरावी. तासाभरात लॅबला पोचणार नसेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवावी.

"रोज थोडं अँटिबायोटिक चालू ठेवलं की व्रण होत नाही" हाही गैरसमजच. लघवी उलटी किडनीकडे जाणाऱ्या ६०७ मुलांवर अमेरिकेत चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. रोजच्या औषधाने पुन्हा होणारे संसर्ग जवळजवळ निम्मे झाले, पण व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे व्रण नाही, असंही धरू नये. छोटे व्रण तिच्यात सुटतात, ते किडनीच्या डीएमएसए स्कॅनमध्ये दिसतात. तो प्रत्येक मुलाला लागत नाही. डॉक्टरांनी सांगितला तर संसर्गानंतर चार-सहा महिन्यांनी करायचा असतो. तोवर मूल खेळायला लागलेलं असतं, आणि त्यासाठी इंदूरपर्यंत जाणं घरच्यांना नकोसं वाटतं. तरी जावं. व्रण निघालाच तर पुढे दरवर्षी मुलाचा रक्तदाब लहान मापाच्या पट्ट्याने मोजून घ्यावा. मोठ्यांच्या पट्ट्याने आकडा चुकीचा येतो.