काजूची कलमं घ्यायचीत? आधी वेंगुर्ल्याला जाऊन या

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या काकांनी विचारलं, "काजू लावायचाय, कलमं कुठून घेऊ?" कोकणात बाग करणाऱ्या प्रत्येकाला याचं उत्तर माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

उत्तर आहे दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे. ते 1972 चं. पण ते दापोलीपुरतं नाही. जिथली जमीन तिथलं केंद्र, अशी त्याची मांडणी आहे. कर्जतला भात, भाट्याला समुद्रालगतच्या वाळूत नारळ. पनवेलला खारजमिनीचं संशोधन चालतं. खाडीचं पाणी शिरलेल्या शेतात साधं भात तग धरत नाही, म्हणून तिथे खारेपणा सोसणाऱ्या जाती तयार झाल्या.

याच विद्यापीठाचं वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र तर विद्यापीठाहून जुनं, 1957 चं. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 हे काजू इथलेच. वेंगुर्ला-7 ची बी साधारण 10 ग्रॅमची, म्हणजे चांगलीच टपोरी. रत्ना आंबाही इथलाच, नीलम आणि हापूसचा संकर. हापूस कापल्यावर आत साका, म्हणजे स्पंजासारखा खराब गर, निघाला की जीव हळहळतो. रत्नात तो त्रास नाही. चवीला मात्र माझं मत अजून हापूसलाच!

काकांना एवढंच सांगितलं: वेंगुर्ल्याच्या रोपवाटिकेत जा, मातृवृक्ष बघा, कलमाचा जोड नीट सांधलाय का ते तपासा. आणि पावसाळ्याच्या तोंडावर नको, आधीच नोंदणी करा.

तुमची जमीन कातळाची की भरडी? कमेंटमध्ये लिहा. जातीबद्दल, अंतराबद्दल काहीही विचारा, जमेल तेवढं नक्की सांगेन.