बावची, ऊन आणि दान केलेले रक्त

पावसाळा सरू लागला, की लातूर काय किंवा नांदेड काय, डेंग्यूने आजारी पडलेल्यांचे आप्त प्लेटलेट मिळविण्यासाठी रक्तपेढीकडे धाव घेतात. पिशवी हाती आली, म्हणजे घरातील वडीलधारी माणसे हळूच विचारतात, “परक्याचे रक्त, त्यातून दुसरा रोग तर यावयाचा नाही ना?”

ही शंका अडाणीपणाची खचित नव्हे. एड्स, ब व क प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप या 5 रोगांसाठी प्रत्येक रक्ताची तपासणी आपल्याकडे सक्तीची आहे. तथापि रोग नुकताच जडला असेल, तर आरंभी काही दिवस तो तपासणीस सापडत नाही. शिवाय डेंग्यूचा विषाणू या पाचांत नाहीच! जे शोधून सापडत नाही, त्याचा बंदोबस्त कसा करावा?

त्यावर शास्त्रज्ञांनी प्रकाशाचा उपाय काढला आहे आणि त्याचे बीज आपल्या परिचयाचे आहे. श्वित्रावर, म्हणजे कोडावर, बावचीचे औषध देऊन रोग्यास उन्हात बसविण्याची चाल आयुर्वेदात पुरातन आहे. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते. त्याच कुळातील अमोटोसालेन हे कृत्रिम द्रव्य प्लेटलेटांच्या पिशवीत मिसळतात. ते विषाणूच्या जनुकद्रव्यात शिरून बसते. वरून अतिनील किरण सोडताच ते द्रव्य जणू टाचले जाते आणि विषाणूस आपली नक्कल काढता येत नाही. डेंग्यूचा विषाणूही याने निकामी होतो. प्लेटलेटांस केंद्रकच नसल्याने त्यांचे काम मात्र चालू राहते. उरलेले औषध मागाहून शोषून काढतात. युरोपात या रीतीस 2002 साली व अमेरिकेत 2014 साली मान्यता मिळाली; स्वित्झर्लंडने 2011 पासून ती देशभर प्लेटलेटांसाठी लागू केली. दुसऱ्या एका रीतीत दुधातील रायबोफ्लेव्हिन हे जीवनसत्त्वच वापरतात. रक्तद्रवासाठी मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग आणि साधा दृश्य प्रकाश पुरतो.

परंतु प्रकाशासही मर्यादा आहेत. अ आणि ई प्रकारच्या काविळीचे विषाणू त्यास सहजासहजी दाद देत नाहीत. लाल पेशी तर प्रकाश स्वतःच गिळून टाकतात. म्हणून ही रीत मुख्यत्वे प्लेटलेट व रक्तद्रव यांच्याच उपयोगाची आहे. थॅलेसेमियाच्या ज्या मुलांस दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्यांस हव्या असतात त्या लाल पेशीच! शिवाय हे काम खर्चाचे असल्यामुळे आपल्याकडे ते अद्याप सर्रास रूढ झालेले नाही.

तेव्हा पहिला पहारा दात्याच्या सत्यवचनाचाच. घरात कोणी आजारी पडले, की आपण पुतण्याभाच्यांस रक्त देण्याचा आग्रह करतो. काका-मामा शेजारी उभे असता रक्तपेढीतील प्रश्नांची खरी उत्तरे देणे तरुणास अवघड जाते. वडीलधाऱ्यांनी त्या वेळी बाहेर थांबावे, आणि तो “मी देत नाही” म्हणाला, तर कारण विचारू नये, एवढीच आमची विनंती आहे.